बोर्टेझोमिब लिहिण्याआधी

चि. डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

पुढच्या महिन्यापासून डे-केअरच्या ऑर्डरवर तुझी सही असणार, म्हणून बोर्टेझोमिबबद्दल लिहितोय. 2003 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली तेव्हापासून या औषधाने मायलोमाच्या (अस्थिमज्जेतल्या कर्करोगाच्या) असंख्य रुग्णांचं आयुष्य वाढवलं. त्याची भीती बाळगू नकोस, पण सवयीने सही करू नकोस.

आधी द्रावणाचं बघ. 3.5 मिलिग्रॅमची कुपी शिरेतून द्यायची तर 3.5 मिली सलाइनमध्ये विरघळवतात, त्वचेखाली द्यायची तर फक्त 1.4 मिलीमध्ये. कुपी तीच, पण द्रावण अडीचपट दाट. शरीराचं क्षेत्रफळ 1.5 चौरस मीटर असेल, तर दर चौरस मीटरला 1.3 मिलिग्रॅमच्या हिशेबाने डोस 1.95 मिलिग्रॅम, म्हणजे त्वचेखाली 0.78 मिली. त्याच दाट द्रावणातून कुणी शिरेच्या हिशेबाने 1.95 मिली ओढलं, तर जवळपास 4.9 मिलिग्रॅम आत जातं. दुपटीहून जास्त डोस गेल्यावर रक्तदाब कोसळून, प्लेटलेट उतरून रुग्ण दगावले आहेत. म्हणून ऑर्डरवर मिलिग्रॅम, मार्ग आणि सिरिंजमधले मिली, तिन्ही लिही. आपल्याकडे 2 मिलिग्रॅमच्या कुप्याही येतात, तेव्हा लेबल दरवेळी स्वतः वाच. आणि हे औषध मणक्यात कधीच नाही. त्याने मृत्यू झालेले आहेत. ज्या टेबलावर मणक्यातल्या इंजेक्शनची तयारी चालू आहे, तिथे बोर्टेझोमिबची सिरिंज येताच कामा नये.

आता नसांचं. या औषधाने मज्जातंतूंना त्रास होतो: हाता-पायांना मुंग्या, जळजळ, बधिरपणा. "काही त्रास आहे का?" असं विचारलंस तर "नाही" हेच उत्तर मिळेल, कारण औषध बंद करतील या धास्तीने लोक सांगत नाहीत. त्यापेक्षा विचार: चप्पल पायातून निसटली तर कळतं का? सदऱ्याची बटणं लावता येतात का? रात्री पांघरूण पायाला लागलं तर सहन होतं का? नुसत्या मुंग्या असतील तर लक्ष ठेव. त्या दुखऱ्या असतील, किंवा बारीक कामं अडू लागली असतील, तर 1.3 वरून 1.0 वर ये. कामंही अडतात आणि दुखतंही, तर थांब. त्रास ओसरल्यावर आठवड्यातून एकदा 0.7 ने सुरू कर. वेळेवर डोस कमी केला तर बहुतेकांचा हा त्रास हळूहळू उतरतो. ताणत नेलं तर काहींना तो जन्माचा चिकटतो. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत त्वचेखाली देऊन गुण तितकाच आला आणि नसांचा त्रास बराच कमी झाला. तेव्हा खास कारण नसेल तर त्वचेखालीच दे, दरवेळी जागा बदलून.

दोन डोसांमध्ये 72 तास हवेतच. लांबून एसटीने आलेले नातेवाईक "आलोच आहोत तर आज देऊन टाका" म्हणतील. त्यांची ओढाताण खरी आहे. आठवड्याला एकच डोस बसतो का ते बघ, पण अंतर कमी करू नकोस.

नागीण होऊ नये म्हणून असायक्लोव्हिर पहिल्या दिवसापासून. घरी सांग, अंगावर एका बाजूला फोड आले तर गेरू लावून वाट बघायची नाही, लगेच यायचं. ग्रीन टी बंद, कारण तो या औषधाचाच जोर काढतो. व्हिटॅमिन सीच्या गोळ्या आणि काढे यांचीही चौकशी कर. यकृताच्या तपासणीत बिलिरुबिन बरंच वाढलेलं असेल तर सुरुवातच 0.7 ने. किडनीसाठी डोस कमी करावा लागत नाही, मात्र डायलिसिस असेल तर औषध त्यानंतर. बीपीच्या गोळ्या चालू असलेल्यांना उठताना चक्कर येते का, ते विचार आणि उभं करून बीपी बघ.

पहिल्या आठवड्यात शंका आली तर सही करण्याआधी फोन कर, कितीही वाजले असले तरी.

तुझा,
सर