वाचकांचे प्रश्न: रिसर्च केला, आता तो सांगायचा कसा?

या वेळी मानसशास्त्र शिकणाऱ्यांची बरीच पत्रं आलीत, आणि सगळ्यांची रड साधारण एकच: अभ्यास झालाय पण तो लिहिताना, मांडताना गाडी अडतेय. त्यातली काही निवडलीत.

प्रश्न: ताई नमस्कार, मी सायकॉलॉजीत एम.ए. करतेय. डेझर्टेशन लिहून झालंय पण गाईड म्हणतात वाचून काही कळत नाही. साधं लिहिलं तर शाळेतल्या निबंधासारखं वाटेल म्हणून मी जड शब्द वापरले, सगळे पेपर तसेच असतात ना?

उत्तर: बरेच असतात, आणि ते वाचताना तुझी काय चिडचिड होते ते आठव जरा. याचं उत्तर आपल्याच विषयात आहे. डॅनियल ओपनहायमर यांचा २००६ चा पेपर आहे, त्यात त्यांनी एकच मजकूर साध्या शब्दांत आणि उगाच अवघड शब्दांत असा लोकांना वाचायला दिला, तर अवघड लिहिणारा माणूस लोकांना कमी हुशार वाटला, जास्त नाही. (पेपरचं नाव मात्र मुद्दाम भयंकर जड ठेवलंय, आणि त्याला त्याच वर्षी साहित्याचं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं.)

आता बघ, 'प्रस्तुत अध्ययनात निद्रान्यूनतेचा स्मृतिविषयक कार्यक्षमतेवर प्रतिकूल प्रभाव निदर्शनास आला' असं लिहिण्यापेक्षा 'जे कमी झोपले त्यांना यादीतले शब्द कमी आठवले' असं लिही ना. कोणी काय केलं ते दिसतं, आणि आठवणं म्हणजे तू नेमकं काय मोजलंस तेही आपोआप सांगून होतं. पण साधं म्हणजे ढिसाळ नव्हे हं. विषयाची जी टर्म आहे ती ठेवायचीच, पहिल्यांदा आली की अर्थ सांगायचा आणि मग शेवटपर्यंत तीच वापरायची. शाळेत आपल्याला शिकवलं होतं की तोच शब्द परत वापरू नये, ते इथे विसर, कारण एका पानावर 'चिंता' आणि पुढच्या पानावर 'ताण' लिहिलंस तर वाचणाऱ्याला वाटणार तू दोन वेगळ्या गोष्टी मोजल्यास, आणि त्याचं काही चुकत नाही, त्या वेगळ्या आहेतच.

आपलं लिखाण आपल्याला स्पष्टच वाटतं, तिथे खरी गोची आहे. एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० च्या प्रबंधात लोकांना ओळखीच्या गाण्यांचा ठेका टेबलावर वाजवायला सांगितला. वाजवणाऱ्यांना वाटलं समोरचा निम्मी गाणी तरी ओळखेल, प्रत्यक्षात १२० पैकी ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात अख्खं गाणं चालू असतं आणि समोरच्याला फक्त टकटक ऐकू येते. म्हणून विषयाबाहेरच्या मैत्रिणीला दोन पानं वाचायला दे आणि 'कळलं का' असं विचारू नकोस, 'हो' म्हणून मोकळी होईल ती. 'मला काय सापडलं ते तू सांग' म्हण, ती जिथे अडखळेल तिथे पेन्सिलीने खूण कर.

प्रश्न: माझी पी व्हॅल्यू ०.०६ आली. मित्र म्हणतात 'सिग्निफिकन्सच्या जवळ जाणारा कल दिसला' असं लिही, किंवा अजून थोडे पार्टिसिपंट घे, ०.०५ च्या खाली येईल. काय करू?

उत्तर: दोन्ही नको. (बाकीच्यांसाठी: पी व्हॅल्यू म्हणजे खरा फरक काहीच नसता तरी नुसत्या योगायोगाने इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता; ती ०.०५ च्या खाली आली की निकालाला 'सिग्निफिकंट' म्हणायची पद्धत आहे.) आकडा बघून सॅम्पल वाढवत बसणं हा तर चक्क डाव आहे. सिमन्स, नेल्सन आणि सिमन्सोहन यांनी २०११ मध्ये दाखवून दिलं की अशा चार छोट्या सवलती एकत्र घेतल्या तर नसलेला परिणाम 'सापडण्याची' शक्यता ५ टक्क्यांवरून थेट ६० टक्क्यांवर जाऊ शकते. मग पुढे काय होतं तेही बघ, २०१५ मध्ये संशोधकांच्या एका मोठ्या गटाने मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले, मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्के सिग्निफिकंट होते आणि पुन्हा केल्यावर फक्त ३६ टक्के निघाले. सगळा दोष अशा डावांचाच असं नाही, पण त्यांचा वाटा आहेच.

०.०६ आलंय तर ०.०६ च लिही. त्याच्यासोबत इफेक्ट साइझ (फरक किती मोठा आहे) आणि कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा फरक साधारण कुठून कुठपर्यंत असू शकतो) दे, आणि सरळ म्हण की या डेटावरून फरक आहे असंही म्हणता येत नाही आणि नाही असंही नाही. हे दुसरं अर्ध वाक्य लोक गाळतात आणि 'काही फरक आढळला नाही' असा निकाल देऊन टाकतात, ते तितकंच चूक.

रिझल्ट लिहिताना आधी माणसं, मग आकडे. समजा ३०-३० जणांचे दोन गट, २० शब्दांची यादी. लिहायचं की 'नीट झोपलेल्यांना सरासरी १४.२ शब्द आठवले, कमी झोपलेल्यांना ११.६', आणि मग टी (दोन सरासऱ्या ताडून बघणाऱ्या चाचणीचा आकडा), पी, कोहेनचा डी (एक इफेक्ट साइझ) जे काय असेल ते. डी ०.६५ आला तर 'मध्यम' एवढंच लिहून थांबू नकोस, २० पैकी अडीचेक शब्दांचा फरक म्हणजे काय ते वाचणाऱ्याला लगेच कळतं. ०.२ लहान, ०.५ मध्यम, ०.८ मोठा या पायऱ्या कोहेन यांनी दिल्या खऱ्या, पण दुसरा काही आधार नसेल तेव्हा वापरा असंच त्यांचंही म्हणणं होतं.

प्रश्न: निष्कर्षात 'सिद्ध झाले' लिहिलं तर चालेल का? माझा सर्व्हे आहे.

उत्तर: नाही. सर्व्हेत सहसंबंध दिसतो, कारण नाही. 'मोबाईलमुळे एकटेपणा वाढतो' नव्हे, 'जे जास्त वेळ मोबाईलवर असतात ते जास्त एकटेपणा नोंदवतात'. एकटी माणसंच मोबाईलकडे जास्त वळत असतील, तुला काय माहीत?

प्रश्न: सेमिनारला १२ मिनिटं मिळालीत. माझ्या ३० स्लाइड झाल्यात, प्रॅक्टिस केली तर २५ मिनिटं लागतात. भरभर बोलू का?

उत्तर: अरे देवा, नको! काप. पहिला कट लिटरेचर रिव्ह्यूला, म्हणजे आधीच्या संशोधनाच्या आढाव्याला लाव, तुझा प्रश्न का पडला हे कळण्यापुरते एक-दोन अभ्यास पुरे, बाकीचे प्रबंधात आहेतच की.

मग स्लाइडवरचं वाचून दाखवणं बंद कर. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी यावर बरंच काम केलंय. चित्र दाखवून तोंडी सांगितलं आणि वर तेच शब्द पडद्यावरही टाकले तर लोकांना साधारणपणे कमी समजतं, ते वाचायचं की ऐकायचं यातच अडकतात. म्हणून प्रबंधातलं ४० आकड्यांचं टेबल उचलून लावू नकोस, त्यातले तुला बोलायचे आहेत ते दोन आकडे घे आणि एक ग्राफ कर. ग्राफला 'गटनिहाय सरासरी' असलं शीर्षक देण्यापेक्षा 'कमी झोपलेल्यांना कमी आठवलं' असं दे. एरर बार (सरासरीच्या वर-खाली काढलेल्या रेघा) लावले असतील तर ते कशाचे आहेत हे लिही, स्टँडर्ड एरर (सरासरीचा अंदाज किती डळमळीत) आणि स्टँडर्ड डेव्हिएशन (माणसामाणसांतले आकडे किती पसरलेले) यांत भरपूर फरक असतो आणि नुसती रेघ बघून कोणालाच कळत नाही. जमलं तर सरासरीच्या मागे एकेका माणसाचे ठिपके पण दाखव, नुसत्या बारमागे काय काय लपतं!

आणि मुख्य निष्कर्ष दहाव्या मिनिटासाठी राखून ठेवू नकोस, ही काही रहस्यकथा नाही. दुसऱ्या मिनिटाला सांगून टाक. उरलेल्या वेळात तो कसा काढला आणि त्यावर किती भरवसा ठेवायचा ते सांग, प्रश्नही त्यावरच येतील. त्यासाठी काढून टाकलेल्या स्लाइड शेवटच्या 'धन्यवाद'च्या मागे ठेव, कोणी विचारलं तर उघडता येतात.