व्हिसाचे पैसे कोण भरतंय, ते आधी बघ

तुझा प्रश्न थोडक्यात असा: नववी पास आहेस, गोवंडीत टेम्पो चालवतोस, डोंगरीतला एक एजंट रियाधला ‘घरचा ड्रायव्हर’ म्हणून पाठवतो म्हणतोय. पगार १५०० रियाल, त्याला द्यायचे १ लाख ४० हजार. मामा म्हणतो, तिकडे गुलामी आहे, जाऊ नकोस; जायचंच तर ‘आझाद व्हिसा’वर जा. एजंट म्हणतो, ती कधीच संपली.

कागदावर एजंट बरोबर आहे. सौदीत गुलामगिरी १९६२ साली बंद झाली, ओमानमध्ये १९७० साली. म्हणजे फार जुनी गोष्ट नाही, तुझ्या आजोबांच्या हयातीतली. पण तिच्या शेजारी नांदणारी दुसरी पद्धत जास्त चिवट निघाली: उचल. आखातात मोती काढणाऱ्या पाणबुड्याला हंगामाआधी होडीचा नाखुदा पैसे द्यायचा (आपल्या कोळ्यांचा नाखवा तो हाच शब्द). हंगाम संपला तरी खात्यावर बाकी उरलेलीच, आणि बाप गेला की ती मुलाच्या डोक्यावर. त्याच होड्यांवर पूर्व आफ्रिकेतून आणलेले गुलामही बुड्या मारायचे. ते मोती विकायला यायचे आपल्या मुंबईत. तेव्हा ही भानगड परक्या मुलखातली समजू नकोस. ऊसतोडीचा मुकादम उचलच देतो, आणि ठाणे जिल्ह्यात लग्नापुरतं कर्ज काढलेला वारली सावकाराचा ‘लग्नगडी’ होऊन राबायचा. १९४५ चं वारल्यांचं बंड याच पद्धतीविरुद्ध होतं.

फरक एवढाच की तेव्हा कर्ज देणारा आणि राबवून घेणारा एकच माणूस असायचा. आता पैसे गोवंडीतला सावकार देतो, खातो डोंगरीतला एजंट, आणि काम घेतो रियाधचा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर तुझा व्हिसा असतो तो मालक. तिघांचा एकमेकांशी कागदोपत्री संबंध नाही. आपल्या १९७६ च्या वेठबिगारी कायद्याने वेठबिगाराचं कर्जच रद्द होतं, पण तुझा कफील कर्ज देणारा नाही आणि सावकार काम घेणारा नाही. मग तो कायदा लावायचा कोणावर?

आता हिशेब. १ लाख ४० हजार महिना ३ टक्क्यांनी घेतलेस तर नुसतं व्याज ४,२०० रुपये. (राज्याच्या सावकारी कायद्याखाली विनातारण बिगरशेती कर्जाला वर्षाला १८ टक्के ही मर्यादा आहे, हे त्याच्या दुप्पट, आणि परवाना असेलच असं नाही.) तिकडे पोचल्यावर बऱ्याचदा घडतं ते हे: १५०० सांगितलेला पगार १००० होतो. रियाल २३ रुपये धरला तर २३ हजार. खाणं-मोबाइल वजा करून १५ हजार घरी पाठवलेस तर व्याजासकट कर्ज फिटायला जवळपास वर्ष. त्यात तीन महिने पगार अडकला की १२,६०० रुपये व्याज नुसतं साचतं. पगार अडकलेला माणूस काम सोडत नाही, कारण काम सोडलं तर पगार बुडाला आणि घरी सावकार दारात. दाराला कुलूप लावायची गरजच उरत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या सक्तमजुरीच्या ११ खुणांमध्ये कर्जाचा बोजा, अडवलेला पगार आणि काढून घेतलेले कागद या तिन्ही आहेत.

एजंटाला कायद्याने जास्तीत जास्त ३०,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेता येतो, म्हणजे ३५,४००. मेडिकल आणि पासपोर्टचा खर्च वेगळा. बाकीचे लाखभर कशाचे, हे त्याला विचार आणि पावती माग. पावती देत नसेल तर उत्तर मिळालं. लायसन नंबर ‘बी-’ने सुरू होतो, त्यात मुंबईसाठी एमयूएम असतं, तो सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर टाकून नाव, पत्ता आणि लायसन चालू आहे का ते बघ. मोठ्या एजंटाने सरकारकडे ५० लाखांची बँक गॅरंटी ठेवलेली असते, त्यामुळे तक्रारीला वजन येतं. ‘मी त्यांचाच माणूस’ म्हणणारा मधला दलाल यात कुठेच नसतो.

दहावी नसल्यामुळे तुझा पासपोर्ट ईसीआर आहे, म्हणजे परदेशी कामावर जाण्याआधी सरकारी तपासणी लागणारा. सौदीला कामावर जायला एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे त्या तपासणीची मंजुरी, लागणारच. त्यासोबत प्रवासी भारतीय बीमा योजना येते: १० लाखांचं कव्हर, दोन वर्षांना २७५ रुपये, तीन वर्षांना ३७५. ‘टुरिस्ट व्हिसावर जा, तिकडे बदलून देतो’ असं कोणी म्हणालं की समज, क्लिअरन्स चुकवायचा बेत आहे. मग करारही नाही, विमाही नाही. शंका असेल तर बीकेसीच्या विदेश भवनात ही मंजुरी देणारं प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सचं सरकारी ऑफिस आहे, तिथे कागद दाखव.

करारातला एक शब्द नीट बघ: व्हिसावर धंदा काय लिहिलाय? घरचा ड्रायव्हर हा सौदीत घरकामगारांत मोडतो, कंपनीच्या ड्रायव्हरसारखा कामगार कायद्यात नाही. २०२१ साली नोकरी बदलण्याची आणि स्वतःहून देशाबाहेर जाण्याची सवलत आली, त्यातून घरचे ड्रायव्हर वगळले होते. ऑक्टोबर २०२४ पासून घरकामगारांसाठी वेगळे नियम आहेत: दिवसाला १० तासांची मर्यादा, आठवड्याला सुट्टी, पासपोर्ट काढून घ्यायला बंदी. पण बंगल्यात येऊन तास मोजणारा कोणी नसतो. म्हणून कामाला लागल्यापासून रोजचे तास आणि पगाराची तारीख वहीत लिही, वहीचा फोटो दर आठवड्याला घरी पाठव. साहेर कॅमेऱ्याचे (तिकडच्या रस्त्यांवरचे वाहतुकीचे कॅमेरे) दंड पगारातून कापले तर प्रत्येक दंडाची तारीख-वेळ माग; त्या वेळी गाडी मालकाचा मुलगाही चालवत असू शकतो.

पगार थकला म्हणून पळून जाऊ नकोस, हे आधीच डोक्यात ठेव. कफिलाने ‘हुरूब’ टाकला, म्हणजे फरार म्हणून नोंद केली, की तुझा इकामा (तिकडे राहायचा परवाना) बाद आणि मग पगाराची तक्रार करायला गेलास तरी गुन्हेगार तूच. आधी तक्रार, मग घर सोडणं. भारतीय दूतावासाकडे आणि परराष्ट्र खात्याच्या मदद पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. ती आईलाही इथून करता येते, म्हणून करार, व्हिसा आणि पासपोर्टच्या झेरॉक्स तिच्याकडे ठेव.

मामाने सुचवलेला ‘आझाद व्हिसा’ मात्र अजिबात नको. त्यात कफील फक्त नाव विकतो, काम तूच शोधायचं, आणि दर वर्षी इकाम्यासाठी त्याला पैसे मोजायचे. दुसऱ्याकडे काम करताना पकडला गेलास की कफील तुला ओळखतही नाही. नावात आझाद आहे, पण त्यात कफील तुला काम देत नाही, तूच त्याला भाडं देतोस.

एजंटाला उद्याच फोन करून लायसन नंबर माग आणि कराराची झेरॉक्स पैसे देण्याआधी हवी म्हणून सांग. ‘आधी टोकन’ म्हणाला तर इथे लिही, दुसरा मार्ग बघू.