मुलगी दोन वर्षांच्या सेवेसाठी अरुणाचलला आहे, भेटायला गेल्यावर तिला घेऊन फिरायला जावं का?

तुम्ही विचारलंय की मुलगी संस्थेच्या कामाला पूर्णवेळ गेलीय, तर तिला सोबत घेऊन पर्यटन करणं बरं दिसेल का आणि गेलोच तर काय बघावं. वाचून हसू आलं, कारण माझ्या बाबांनी फोनवर मला हेच विचारलं होतं, 'तू तिथं व्रत घेऊन गेलीस बेटा, अन् आम्ही तुला घेऊन हिंडायले लागलो तर लोक काय म्हणतीन.' मी विवेकानंद केंद्राची सेवाव्रती, म्हणजे पूर्णवेळ सेवा देणारी कार्यकर्ती, म्हणून दोन वर्षं अरुणाचलातल्या रोइंग गावाच्या बाजूला होते. दिवसा शाळेत गणित, संध्याकाळी भजन, रात्री होस्टेलवर मुलींसोबत. आम्ही अमरावती जिल्ह्यातले, आणि केंद्राचे संस्थापक एकनाथजी रानडे पण आमच्याच जिल्ह्यातल्या टिमटाळ्याचे, त्यामुळे बाबांना मी गेल्याचं दुःख कमी आणि कौतुकच जास्त होतं. आईचं उलटं होतं.

तर फिरा, बिनधास्त फिरा. पण तिकीट काढायच्या आधी तारखा तिला विचारा आणि परीक्षेच्या दिवसांत जाऊ नका. तिला सुट्टी मागताना फार संकोच वाटतो, आम्हाला सगळ्यांनाच वाटायचा, म्हणून सहा-सात दिवस राहणार असाल तर तिच्याकडे दोनच दिवस मागा, बाकीचे दिवस ती शिकवेल आणि तुम्ही शाळेच्या आवारात बसा. माझ्या आत्याने चार दिवस होस्टेलच्या किचनमध्ये ठाण मांडलं होतं, सोबत आणलेल्या ज्वारीच्या पिठाच्या भाकरी थापून दाखवल्या आणि मुली तिला 'आत्या दीदी' म्हणायला लागल्या, कारण तिथं शिकवणाऱ्या प्रत्येक बाईला दीदीच म्हणतात.

प्रवासाचं पटकन सांगते. इनर लाइन परमिट, म्हणजे अरुणाचलात शिरायचा परवाना, आपल्याला पण लागतं, आधार असलं तरी लागतं, ऑनलाइन निघतं, प्रिंट काढून ठेवा. विमानाने दिब्रुगढ, तिथून तिनसुकिया-ढोला करत गाडीने. वाटेत लोहित नदीवरचा ढोला-सदिया पूल लागतो, २०१७ साली सुरू झाला, ९.१५ किलोमीटर लांब. बाबा पुलावर घड्याळ लावून बसले होते. पुढे शांतिपूरच्या गेटवर परमिट बघतात.

आणि हो, अंधार! घड्याळ आपलंच, पण सूर्य पूर्वेचा. नोव्हेंबरात साडेचारला दिवे लावायची वेळ होते. आत्याने पहिल्या दिवशी संध्याकाळ समजून सांजवात लावली, शुभंकरोति म्हटलं आणि मग घड्याळ बघितलं तर चहाची वेळ. म्हणून तिकडे कुठेही जायचं तर पहाटे निघा, दुपारी दोननंतर नवीन ठिकाण सुरूच करू नका.

आता काय बघावं. मायुदिया घाटात थंडीत बर्फ पडतो, २६०० मीटरच्या वर आहे, पण आत्याचे गुडघे बघता आम्ही ते सोडलं. आम्ही दोनच ठिकाणं केली, भीष्मकनगर आणि परशुराम कुंड, आणि दोन्हीकडे घरात भांडण झालं 😄

भीष्मकनगर रोइंगपासून जवळ आहे. जंगलात भाजक्या विटांच्या जुन्या भिंती, बघायला म्हणाल तर फार नाही, अर्ध्या तासात फिरून होतं. पण तिकडची कथा अशी की हे रुक्मिणीच्या वडिलांचं, भीष्मक राजाचं नगर, रुक्मिणी तिथल्या इदू मिश्मी जमातीची लेक, आणि कृष्णाने तिच्या भावाला, रुक्मीला, ठार न मारता त्याचे केस कापले म्हणून इदू लोक पूर्वी केस पुढून कापायचे. सगळ्या इदू लोकांना ही कथा मान्य आहे असं नाही, इतिहासवाले या विटा चुतिया राजवटीशी जोडतात (हसू नका, आसामातलं मोठं राजघराणं होतं ते). पण आमच्या ड्रायव्हरला मान्य होती आणि त्याने ती माझ्या बाबांना सांगितली! बाबांचं आजोळ कौंडिण्यपूरजवळचं. वर्धेच्या काठचं कौंडिण्यपूर म्हणजे आमच्या लेखी रुक्मिणीचं माहेर, दर आषाढीला तिची पालखी तिथून पंढरपूरला जाते. बाबा म्हणाले, 'रुक्मिणी आमची हाय ना भाऊ.' मी हिंदीत सांगितलं तर ड्रायव्हर शांतपणे म्हणाला, 'नहीं अंकल, रुकमिनी तो हमारा लड़की है.' परतीच्या अख्ख्या वाटेत दोघं एकमेकांना पुरावे देत होते, एकाचं मराठी, दुसऱ्याचं तिकडचं हिंदी, मी मधे दुभाषी. शेवटी ड्रायव्हरने त्याच्या घरी नेऊन बिनदुधाचा लाल चहा पाजला आणि बाबा म्हणाले, असू दे, सासरी जाताना मुलगी कुठं ना कुठं मुक्काम करतेच.

परशुराम कुंड लांब आहे, तेजूवरून जावं लागतं, पूर्ण दिवस धरा. वर गाडी लावून पायऱ्या उतरून लोहितच्या काठाशी जायचं. जुनं कुंड १५ ऑगस्ट १९५० च्या भूकंपात गेलं, आता खडकांच्या मधून वळसा घेणारं पाणी आहे, हिवाळ्यात हिरवंनिळं आणि बर्फासारखं गार, ओढ पण जोरात असते. मकर संक्रांतीला हजारो लोक स्नानाला येतात, म्हातारी माणसं सोबत असतील तर ते दिवस टाळाच. परशुरामाने बापाच्या सांगण्यावरून आईचं डोकं उडवलं, कुऱ्हाड हाताला चिकटून बसली आणि इथल्या पाण्यात ती सुटली, म्हणून इथं पाप धुतलं जातं असं मानतात. आत्या लगेच पदर खोचून खाली गेली. आई पायरीवरच बसली. आमचं कुलदैवत माहूरची रेणुका, म्हणजे तीच आई. मी म्हटलं चल ना, इतक्या लांब आलीस. तर म्हणाली, 'मायले मारून हात धुवाले आला तो अठी, मी कायले उतरू? माहूरले तिचं नुसतं मुखच हाय, मायीत नाही का तुले?'

मी गप्पच झाले. दोन वर्षांत कितीतरी पाहुण्यांना मी ते कुंड दाखवलं, कथा सांगितली, पण हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. तिच्या शेजारी बसून राहिले. मग तिने विचारलं की तू रात्री एकटी झोपते का, घाबरते का, जे चार दिवस शाळेत मुलींच्या गराड्यात तिला विचारताच आलं नव्हतं. अर्धा तास आम्ही तेच बोललो. तिकडे बाबा आत्याचा हात धरून उभे, दोघंही थंडीने किंचाळत होते.

म्हणून लेकीला दोन दिवस बाहेर काढाच. आवारात ती सगळ्यांची दीदी असते, तुमच्या वाट्याला येत नाही.

निघताना आईने आत्याकडून पाण्याची एक बाटली भरून घेतली. मी विचारलं आता हे कशाला, तर म्हणाली माहूरला नेऊन रेणुकेसमोर ठेवते, लेकाला माफ करायचं का नाही ते तिचं ती बघेल. तुम्ही पण पाणी आणणार असाल तर झाकणाला टेप लावून चेक-इनच्या बॅगेत टाका.