आजारपण संपलं, खाट उरली

या महिन्याच्या पत्रांत एक धागा सारखा आहे. घरावर किंवा वस्तीवर जे ओढवलं, त्यातून जे शिकायला मिळालं ते शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या उपयोगी पडावं, अशी पत्र लिहिणाऱ्यांची इच्छा आहे. चार पत्रं निवडली आहेत. पहिल्या दोन उत्तरांना जागा जास्त लागली.

प्रश्न : पक्षाघातानंतर आई जवळजवळ तीन वर्षं अंथरुणाला खिळून होती. ती गेल्यावर घरात फाउलर खाट (डोक्याकडची बाजू वर उचलता येणारी), हवेची गादी, चाकाची खुर्ची, कमोड खुर्ची आणि ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं यंत्र) उरला आहे. विकायला मन होत नाही. गरजूंना वापरायला देण्याचं केंद्र सुरू करावं असं आम्हा भावंडांना वाटतं. सुरुवात कशी करावी? (वाचक, कोथरूड)

पाच वस्तूंवर केंद्र सुरू होतं, मोठ्या जागेची वाट पाहू नका. सोसायटीच्या जिन्याखालची कोरडी, कुलूप लागणारी जागा पुरते. ओल मात्र अजिबात नको. पुण्याच्या पावसाळ्यात बंद खोलीत ठेवलेल्या खुर्चीचं रेक्झिन दोन महिन्यांत बुरसतं आणि वेल्डिंगच्या सांध्यांवर गंज चढतो.

सर्वांत जास्त मागणी वॉकर, कमोड खुर्ची आणि चाकाच्या खुर्चीला असते. गुडघ्याचं किंवा खुब्याचं ऑपरेशन झालेल्यांना या वस्तू दीड ते तीन महिने लागतात आणि मग परत येतात. त्यामुळे एकच वॉकर वर्षभरात चार-पाच घरं फिरतो. देणगीत आणखी काही मिळणार असेल तर आधी दोन वॉकर मागा. खाट सर्वांत अवघड. साडेसहा फूट बाय तीन फुटांची ही वस्तू बहुतेक लिफ्टमध्ये मावत नाही आणि पेठांतल्या जुन्या जिन्यांच्या वळणावर अडते. डोक्याकडची आणि पायाकडची फळी काढून न्यावी. नटबोल्ट एका पिशवीत घालून ती पिशवी खाटेलाच बांधावी, नाहीतर दुसऱ्या घरी पोचेपर्यंत एक बोल्ट नक्की हरवतो. टेम्पोचं भाडं नेणाऱ्याने द्यायचं, हे आधीच सांगा.

चाकाची खुर्ची देण्यापूर्वी घरची दारं मोजायला सांगा. खुर्चीची बाहेरून रुंदी साधारण २४ ते २६ इंच असते आणि जुन्या इमारतींत न्हाणीघराचं दार कित्येकदा तेवढंच किंवा त्याहून अरुंद असतं. अशा घरी खोलीत चाकाची खुर्ची आणि न्हाणीघरासाठी अरुंद कमोड खुर्ची, अशी जोडी द्यावी. खुर्ची परत आली की पुढच्या लहान चाकांच्या आसाला गुंडाळलेले केस आणि दोरे काढा. चाक जाम होण्याचं सर्वांत नेहमीचं कारण तेच. मग ब्रेक लावून खुर्ची ढकलून पाहा. चाक फिरलं तर ब्रेकची पट्टी सैल आहे. पायठेवणं दोन्ही आहेत ना, हेही पाहा.

हवेच्या गादीबद्दल थोडं सविस्तर, कारण चुकीची वापरली तर ती असून नसल्यासारखी. तिचा पंप आळीपाळीने कप्पे भरतो आणि सोडतो, त्यामुळे अंगाच्या एकाच भागावर सतत दाब राहत नाही. घरोघरी तीन चुका होतात. गादीवर जाड गोधडी आणि प्लास्टिक घालतात, मग हवेचा उपयोगच उरत नाही. चादर ताणून सेफ्टी पिन लावतात आणि गादीला भोक पडतं. नळी खाटेच्या पायाखाली दबते, पंप आवाज करत राहतो पण गादी सपाटच. नेणाऱ्या माणसाला एक चाचणी हाताने करून दाखवा : रुग्ण झोपलेला असताना गादीच्या खाली, माकडहाडाच्या जागी तळहात सरकवायचा. हाड हाताला टेकलं तर हवा कमी आहे, पंपावरचा वजनाचा खटका वाढवायचा. आणि गादी आहे म्हणून दर दोन तासांनी कूस बदलणं सोडायचं नाही. शय्याव्रण, म्हणजे सतत दाबामुळे अंगाला पडणारी जखम, रात्रीतून सुरू होतो आणि भरायला महिने घेतो. तुम्ही हे तीन वर्षं केलं आहे. दुसऱ्याला दाखवण्यासारखी तुमच्याजवळची मोठी ठेव खरं तर हीच आहे.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर डॉक्टरांची चिठ्ठी पाहिल्याशिवाय देऊ नका. चिठ्ठीत मिनिटाला किती लिटर आणि दिवसात किती तास, दोन्ही लिहिलेलं हवं. धूम्रपानाने फुप्फुसं निकामी झालेल्या काही रुग्णांना जास्त ऑक्सिजन अपायकारक ठरतो, त्यामुळे 'दम लागला की वाढवायचा' हे चालत नाही. यंत्र भिंतीपासून फूटभर लांब ठेवायचं, जाळीचा फिल्टर आठवड्याला साबणाने धुऊन पूर्ण वाळवून बसवायचा, बाटलीत डिस्टिल्ड किंवा उकळून गार केलेलं पाणी, तेही रोज बदलायचं. पाच लिटरचं यंत्र साधारण ३५० वॅट घेतं, म्हणजे चोवीस तास चाललं तर दिवसाला आठ युनिटांच्या वर. हा आकडा आधी सांगा, नाहीतर वीजबिल पाहून घरातले यंत्र मध्येच बंद करतात. रुग्णाच्या खोलीत निरंजन, उदबत्ती, गॅस नको. देवघर त्याच खोलीत असेल तर यंत्र चालू असेपर्यंत दिवा दुसऱ्या खोलीत लावावा. नाकाओठांना व्हॅसलिन लावू नये, पाण्यात विरघळणारं मलम लावावं. तुमच्याकडे यंत्र पडून असेल तेव्हा महिन्यातून एकदा तरी अर्धा तास चालवा. हवेतला नायट्रोजन शोषून घेणारे आतले झिओलाइटचे दाणे दमट हवेत खराब होतात, मग यंत्र सुरू दिसतं पण त्यातून साधी हवाच येते. म्हणून वर्षातून एकदा तंत्रज्ञाकडून ऑक्सिजनचं प्रमाण मोजून घ्या. ते नव्वद टक्क्यांच्या आसपास किंवा वर हवं.

परत आलेली प्रत्येक वस्तू आधी साबणाच्या पाण्याने धुवा, मग ब्लीचच्या द्रावणाने पुसा. बाजारातलं चार-पाच टक्क्यांचं द्रव ब्लीच एक भाग आणि पाणी नऊ भाग, दहा मिनिटं ठेवून साध्या पाण्याने पुसून घ्यायचं. हे शेवटचं पुसणं राहिलं की लोखंड गंजतं. नाकातली नळी, नेब्युलायझरचा मास्क, लघवीची पिशवी कधीही दुसऱ्याला द्यायची नाही. उरलेली औषधंही नाहीत. न उघडलेली डायपरची पाकिटं चालतील.

अनामत घ्या, भाडं घेऊ नका. अनामत वस्तूच्या किमतीच्या साधारण चौथ्या हिश्शाइतकी ठेवली तर गरिबालाही जमते आणि वस्तूही परत येते. ज्याला तेवढंही जमत नाही, त्याच्यासाठी ओळखीच्या एका माणसाची सही पुरे. वहीत तारीख, वस्तूचा क्रमांक, दिली तेव्हाची अवस्था, दोन फोन नंबर आणि परतीची तारीख लिहा. वस्तू देताना फोटो काढून ठेवा. परतीची तारीख महिन्याची ठेवा, वाढवून द्यायला हरकत नाही. वस्तू परत येत नाहीत त्याचं कारण बहुतेक वेळा अप्रामाणिकपणा नसतो. माणूस गेलेला असतो आणि घरच्यांना खाटेकडे बघवत नाही. तसं कळलं तर तेरावा होईपर्यंत फोन करू नका. नंतरही 'वस्तू कधी देता' असं विचारण्याऐवजी 'आम्ही येऊन घेऊन जाऊ का' असं विचारा.

नोंदणीची घाई नको. स्वतःच्या वस्तू शेजारात फिरवायला ती लागत नाही. लोकांकडून देणग्या गोळा करायच्या झाल्या तर मात्र महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करून बँक खातं उघडा.

प्रश्न : २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याचं पाणी आमच्या तळमजल्यात शिरलं. आता पंधरा-वीस तरुण मिळून वस्तीचं दक्षता पथक करत आहोत. कोणती तयारी खरोखर कामाला येते? (वाचक, अरण्येश्वर परिसर)

आधी एक फरक नीट समजून घ्या. पुण्यात पूर दोन तऱ्हांनी येतो. खडकवासला धरणातून विसर्ग वाढला की मुठेकाठी पाणी चढतं. भिडे पूल पाण्याखाली जातो ही त्याची सर्वांना दिसणारी खूण. २५ जुलै २०२४ ला एकतानगरीत शिरलेलं पाणी या प्रकारचं होतं. इथे विसर्गाचा आकडा क्युसेकमध्ये जाहीर होतो. (एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर.) ओढ्याचा पूर वेगळा. कात्रजच्या उतारांवर ढग मोकळा झाला की पाणी थेट तुमच्यापर्यंत येतं, त्यात दरवाजे उघडण्याचा टप्पा नाही आणि सूचनेला वेळही नाही. त्या रात्री शहरात आणि परिसरात वीसहून अधिक माणसं गेली. म्हणून तुमच्या पथकाचे डोळे वस्तीत नकोत, वरच्या बाजूला हवेत. कात्रजकडच्या ओढ्याकाठच्या दोन-तीन घरांशी दोस्ती करा. पाणी चढताना दिसलं की त्यांनी तुम्हाला फोन करायचा आणि तुम्ही तुमच्या खालच्या वस्तीला.

जवळच्या पुलाच्या खांबावर, परवानगी घेऊन, फुटाफुटावर ऑइलपेंटचे पट्टे मारा. त्यांतल्या तीन रेषांना काम नेमून द्या : पिवळी दिसेनाशी झाली की दोघे पहाऱ्यावर, नारिंगी गेली की तळमजल्यावरची माणसं उठवायची, लाल गेली की सगळे वर. वस्तू वाचवायला थांबणं तिथे संपलं. रेषा कुठे मारायच्या हे २०१९ मध्ये पाणी कुठपर्यंत होतं यावरून ठरवा, ती खूण अजून कुणाच्या ना कुणाच्या भिंतीवर सापडेल. लाल रेषा त्या खुणेच्या बऱ्याच खाली असावी, कारण माणसं हलवायला तुमच्या अंदाजापेक्षा दुप्पट वेळ लागतो.

मोबाइलवर विसंबू नका, वीज गेली की टॉवरही बसतात. प्रत्येक इमारतीत दोन शिट्ट्या आणि एक दारोदार जाणारा माणूस ठरवा. तळमजल्यावरचे वृद्ध, अंथरुणावरचे, गरोदर बायका आणि तान्ही मुलं यांची यादी करा. नुसती नावं उपयोगाची नाहीत, नावापुढे 'कोण उचलणार, कोणत्या मजल्यावर कुणाच्या घरी नेणार' हे लिहिलेलं हवं. जूनच्या पहिल्या आठवड्यात एकदा रात्री साडेनऊला प्रत्यक्ष करून पाहा.

वीज आणि भिंत, या दोन गोष्टी पाण्याइतक्याच घातक. जुलै २०२४ मध्ये पुलाची वाडी इथे हातगाडी हलवताना विजेचा धक्का बसून तिघे गेले. मीटर तळमजल्यावर असतील तर मुख्य स्विच पाणी पोचायच्या आधी बंद करायचा. पाणी पोचल्यावर त्याला हात लावायचा नाही, वीज कंपनीला आणि १०१ ला कळवायचं. सीमाभिंतीआड दीड मीटर पाणी साठलं तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर एक टनाहून थोडा जास्त रेटा येतो. साडेचार किंवा नऊ इंची विटांची भिंत त्यासाठी बांधलेलीच नसते. भिंतीच्या तळाशी पाणी जायला भोकं आहेत का ते पाहा, आणि पावसात कुणालाही तिच्या आडोशाला उभं राहू देऊ नका. पार्किंगमधली दुचाकी काढायला उतरू नका. वाहतं पाणी गुडघ्याइतकं असलं तरी धडधाकट माणूस पडतो.

ओढ्यावरच्या मोऱ्या (रस्त्याखालून पाणी जाण्याच्या वाटा) मेअखेर तपासा आणि गणपतीनंतर पुन्हा तपासा. फांद्या, थर्मोकोल, गाद्या अडकून मोरी तुंबली की पाणी रस्त्यावरून वाट काढतं. फोटो तारखेसह क्षेत्रीय कार्यालयाला द्या, पोच घ्या. गौरी-गणपती झाले की पाऊस संपला असं पुणेकरांना वाटतं, पण तुमचा पूर सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातला होता.

पूर ओसरल्यावर जमिनीखालची टाकी उपसून, गाळ काढून, घासून घ्या. मग ती भरून हजार लिटरला १५० ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर बादलीत कालवून, वरची निवळ टाकीत ओता. बारा तासांनी ते पाणी पूर्ण सोडून द्या आणि मगच पिण्याचं भरा. उघड्या पुड्यातली जुनी पावडर क्लोरिन गमावून बसलेली असते, ती वापरू नका. पुराच्या पाण्यात वावरलेल्यांनी लेप्टोस्पायरोसिसच्या (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाच्या) प्रतिबंधक गोळीबद्दल डॉक्टरांना लगेच विचारावं, ताप यायची वाट पाहू नये.

प्रश्न : यजमानांच्या उपचारात दागिने गेले. धर्मादाय रुग्णालयात सवलत असते हे नंतर कळलं. इतरांचं असं होऊ नये म्हणून मी काय सांगू शकते? (वाचक, हडपसर)

ताई, तुम्ही रुग्णालयाच्या दारात एवढं सांगितलंत तरी एखादं घर वाचेल. वर सांगितलेल्या विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक खालच्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. त्यासाठी बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी वर्षाला १,८०,००० आणि दुर्बलांसाठी ३,६०,००० रुपये. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड आणि आधार यांच्या तीन-तीन प्रती घेऊन रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकाला भेटायचं.

चूक होते ती वेळेत. लोक डिस्चार्जच्या दिवशी बिल पाहून धावतात, तोपर्यंत बरंच हातातून गेलेलं असतं. अर्ज दाखल होतानाच, लेखी, पोच घेऊन करायचा. खाट शिल्लक नाही असं सांगितलं तर तेही लेखी मागायचं आणि धर्मादाय सहआयुक्त कार्यालयात द्यायचं. तातडीच्या रुग्णाला आधी दाखल करून त्याची प्रकृती स्थिर करणं रुग्णालयावर बंधनकारक आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत मात्र ऑपरेशनआधी मंजुरी लागते, म्हणून रुग्णालयात योजनेचं काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राच्या खिडकीपाशी पहिल्याच दिवशी जायला सांगा. आणि ज्या घरात कुणी आजारी नाही, त्यांना उत्पन्नाचा दाखला आजच काढून ठेवायला सांगा. रुग्ण अतिदक्षता विभागात असताना तहसील कचेरीत रांग लावायला माणूस उरत नाही.

प्रश्न : घरात अंथरुणावरचे आजोबा आहेत. डायपर आणि इन्सुलिनच्या सुया कचऱ्यात कशा द्याव्यात? (वाचक, औंध)

कचरा वेचणाऱ्यांनी १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली आणि २००८ पासून 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था दारोदार कचरा गोळा करते आहे. या कामातले बरेच हात बायकांचे आहेत. डायपर जुन्या वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळा, वर लाल ठिपका काढा आणि ओल्या-सुक्यापासून वेगळा द्या. म्हणजे वर्गीकरण करताना तो कुणी उघडणार नाही. सुईला टोपण परत बसवू नका, हाताला टोचते ती त्याच वेळी. जाड प्लास्टिकच्या, रुंद तोंडाच्या झाकणाच्या बाटलीत सुया टाकत जा. बाटली तीन चतुर्थांश भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करा आणि तुमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात किंवा पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत विचारून तिथल्या जैववैद्यकीय कचऱ्यात द्या.