शेप मेमरी पॉलिमर फोमला (दाबून ठेवला तरी नंतर मूळ आकारात उघडणाऱ्या स्पंजसारख्या पदार्थाला) दमट हवा लागली, तर तो वाळवून वैद्यकीय उपकरणात वापरता येतो का? आणि ओलाव्याचा त्रास नको असेल तर कोणता फोम घ्यावा?

क्रिंप केलेला, म्हणजे दाबून बारीक केलेला असेल तर नाही. वाळवल्यावर टीजी (ज्या तापमानाला कडक फोम मऊ होतो ते) परत येतो, पण उघडलेला फोम पुन्हा मिटत नाही. एवढी साधी गोष्ट मान्य न केल्यामुळे एका चांगल्या तंत्रज्ञ मुलीवर ठपका आलेला मी पाहिलाय, म्हणून लिहायला बसले.

'वाळवलं की झालं' हे बहुतेक जण २०११ सालच्या एका शोधनिबंधावरून बोलतात. टेक्सास ए अँड एम विद्यापीठातल्या डंकन मेटलंड यांच्या गटाचं ते काम. पॉलियुरेथेन फोम १०० टक्के आर्द्रतेत ९६ तास ठेवला, त्याने वजनाच्या ८ टक्के पाणी घेतलं आणि टीजी ६७ अंशांवरून थेट ५ अंश सेल्सिअसवर आला. मग ४० टक्के आर्द्रतेत २४ तास ठेवल्यावर परिणाम उलटला. काम उत्तम आहे, त्याबद्दल वादच नाही. पण उलटला तो पदार्थाच्या गुणधर्मांवरचा परिणाम. क्रिंप केलेल्या आकाराबद्दल ते वाक्य नाही, आणि लोक नेमके तिथेच ते चिकटवतात.

ह्यूस्टनजवळच्या एका छोट्या प्रयोगशाळेत मी होते. धमनीला आलेला फुगा आतून भरून काढायचा, त्यासाठीचा फोम. तिथला जुलै म्हणजे आपल्या मुंबईचाच जुलै. ४ जुलैची सुट्टी शनिवार-रविवारला जोडून आली, इमारतीचा एसी बंद ठेवला गेला, आणि क्रिंप केलेले नमुने साध्या झिपलॉक पिशव्यांत टेबलावर राहिले. परत आलो तर एकही नमुना कॅथेटरमध्ये, म्हणजे धमनीत घालायच्या बारीक नळीत, शिरेना.

गटप्रमुखांनी तिथल्या तिथे निकाल दिला: क्रिंपिंग सैल झालं. ते काम करणाऱ्या मुलीचा हात इतका सारखा चालायचा की तिच्या नमुन्यांचे व्यास मी मोजायच्या आधीच सांगू शकायचे. मी म्हटलं, ओलाव्याने उघडलेत. ते म्हणाले, मग वाळवून दाखव. व्हॅक्यूममध्ये वाळवले, डीएससी (टीजी मोजायची चाचणी) केलं, टीजी अगदी जागेवर. त्यावर त्यांचं म्हणणं, बघ, टीजी ठीक आहे, म्हणजे ओलाव्याने काही केलं नाही, म्हणजे हातच चुकला.

हा तर्क तेव्हाही चुकीचा होता आणि आजही आहे. पाण्याचे रेणू युरेथेनच्या साखळ्यांमध्ये शिरतात, त्यांचे आपसातले हायड्रोजन बंध सोडवून स्वतः तिथे बसतात. साखळ्या मोकळ्या होतात, टीजी खोलीच्या तापमानापर्यंत उतरतो आणि फोम आपल्या मूळ, फुगलेल्या आकाराकडे निघतो. नंतर पाणी गेलं की तो उघडलेल्या अवस्थेतच कडक होतो. टीजी पुन्हा तपासून त्याचा प्रवास कसा कळणार? त्याच मुलीने त्याच दिवशी क्रिंप केलेले काही नमुने डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) होते, ते जसेच्या तसे बारीक होते. मी ते टेबलावर शेजारी ठेवून दाखवले. तरी अहवालात 'ऑपरेटरमुळे फरक' असंच लिहिलं गेलं.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं म्हणाल तर ओलावा अजिबात न घेणारा फोम तुम्हाला नकोच आहे. रक्तात गेल्यावर टीजी ३७ अंशांच्या खाली उतरतो म्हणूनच हा फोम लेझरने किंवा विजेने न तापवता आपोआप उघडतो. हवा आहे तो उशीर, म्हणजे कॅथेटरमधून पुढे सरकवेपर्यंत डॉक्टरला वेळ मिळावा एवढा. त्यासाठी फोम बनवताना एचडीआय या घटक रसायनाच्या जागी टीएमएचडीआय हे त्याचंच भावंड वापरतात. त्यातल्या मिथिल गटांमुळे पाणी हळू शिरतं. प्रमाण किती ठेवायचं हे तुमच्या उपकरणावर आहे, इथून सांगता येणार नाही.

निर्जंतुकीकरणाचा विचार आधीच करा. इथिलीन ऑक्साइड वायूच्या प्रक्रियेत ऊबही असते आणि मुद्दाम सोडलेली आर्द्रताही, म्हणजे फोम उघडायला लागतं ते सगळं. म्हणून इलेक्ट्रॉन बीमचा पर्याय तपासतात. साठवणीला फॉइलची पिशवी आणि आत डेसिकंट (ओलावा शोषणारी पुडी). प्लास्टिकच्या पिशवीतून वाफ आत जाते.

हे सगळं क्रॉसलिंक केलेल्या, म्हणजे साखळ्या एकमेकींना जोडलेल्या पॉलियुरेथेन फोमबद्दल आहे, दुसऱ्या रसायनाला हेच आकडे लावू नका. क्रिंप न केलेला फोम मात्र वाळवून खुशाल क्रिंपिंगला घ्या. उघडलेलाही टीजीच्या वर तापवून पुन्हा क्रिंप करता येतो, पण मी तो फक्त टेबलावरच्या चाचण्यांना वापरेन.

आणि प्रत्येक बॅचचा क्रिंपनंतरचा व्यास, खोलीची आर्द्रता आणि पिशवी कधी बंद केली ती वेळ त्याच दिवशी लिहून ठेवा. एक नमुना कायम डेसिकेटरमध्ये राहू द्या. बॅच बिघडली तर आधी तो काढून मोजा, क्रिंप कोणी केलं ते त्यानंतर विचारा.