स्मोकरमध्ये मांसाला धुरी द्यायची आहे; अख्खा लाकडी कोळसा घ्यावा की ब्रिकेट (कोळशाची भुकटी दाबून केलेल्या वड्या)?

पाच-सहा तासांचं काम असेल तर ब्रिकेटच घ्या. तुकडे एकाच मापाचे असतात, त्यामुळे आच एकसारखी राहते आणि ११०-१२० अंश सेल्सिअस राखायला सारखी हवेची झडप फिरवावी लागत नाही. राख मात्र जास्त पडते. ती साचली की खालून हवा अडते, म्हणून अधूनमधून झाडत राहा. अख्खा कोळसा जास्त तापतो, राख कमी, पण तुकडे लहानमोठे असल्याने आच वरखाली होते. झटपट पेटणारा, इंधन मुरवलेला कोळसा अजिबात नको! त्याचा वास थेट मांसात उतरतो.

चवीसाठी मात्र निखाऱ्यांवर ओक किंवा सफरचंदाच्या सुक्या लाकडाचे दोन-तीन तुकडे ठेवा. पांढरा दाट धूर निवळून पातळ, निळसर झाला की मगच मांस आत ठेवा.