चारचौघींत बोलायची भीती वाटते

प्रश्न : ताई, मी सोलापूरची, विडी घरकुलात राहते. बाळ चार महिन्यांचं आहे. माहेरी होते तोवर बरं होतं, सासरी आल्यापासून सारखं रडू येतं, बाळ झोपलं तरी मला झोप लागंना, मी आई व्हायच्या लायकीचीच नाही असं डोक्यात फिरत राहतं. डॉक्टरांनी बायकांच्या ग्रुपमध्ये सीबीटी थेरपी, म्हणजे आपले विचार आणि वागणं तपासून मन सावरायला शिकवणारा बोलण्याचा उपचार, घ्यायला सांगितलंय. सासूबाई म्हणतात, चारचौघींत घरचं काय सांगायचं? मलापण भीती वाटते. जाऊ का?

उत्तर : जा गं, नक्की जा. बाळंतपणानंतर पहिले दहा-पंधरा दिवस रडू येणं बहुतेकींना होतं आणि आपोआप जातं, पण चार महिन्यांनी झोप उडालीय आणि असले विचार येतायत म्हणजे डॉक्टरांचं ऐकायलाच हवं. आपल्याकडे बाळंतिणीला डिंकाचे लाडू, शेकशेगडी सगळं होतं, पण मन कसंय ते कुणी विचारत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

सासूबाईंना सांग, तिथे घरची भांडणं काढायची नसतात. साधारण आठ-बारा आठवडे, आठवड्यातून एकदा दीड-दोन तास बसायचं, आणि काम असतं ते आपल्या विचारांवर. समज, रात्री दोनला बाळ रडतंय आणि मनात आलं, 'मी वाईट आई आहे.' तो विचार कागदावर लिहायचा, मग त्याच्या बाजूने काय आहे आणि विरुद्ध काय आहे तेपण लिहायचं, म्हणजे मी पाजलं, लंगोट बदलला, खांद्यावर घेऊन फिरले, तरी रडलं, कदाचित पोट दुखत असेल. उगाच चांगला विचार कर असं कुणी सांगत नाही, खरं काय ते तपासायला शिकवतात. आणि ग्रुपचा खरा फायदा इथेच आहे बघ, शेजारची बाई तुझंच वाक्य बोलते तेव्हा तू पटकन म्हणतेस, अगं किती करतेस तू बाळाचं! तेच स्वतःला म्हणायला मग हळूहळू जमतं.

घरी करायलापण देतात. मूड नसला तरी घराजवळच वीस मिनिटं चालून यायचं आणि आधी-नंतर कसं वाटलं त्याला दहापैकी मार्क द्यायचे, असलं काहीतरी.

पाकिस्तानात खेड्यातल्या आरोग्यसेविकांनी डिप्रेशन असलेल्या गरोदर बायकांना याच पद्धतीने मदत केली, घरी जाऊन, ग्रुपमध्ये नाही. 2008 साली निकाल छापून आला, बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा त्यांच्यातल्या 23 टक्के बायकांना डिप्रेशन उरलं होतं, नुसत्या साध्या भेटी मिळालेल्यांत 53 टक्के.

पहिल्या दिवशी नुसतं ऐकलंस तरी चालतं, आणि बाळाला आणू देतात का ते आधी विचारून घे. मात्र स्वतःला किंवा बाळाला काही करावंसं वाटलं, नसलेले आवाज ऐकू आले, तर ग्रुपच्या दिवसाची वाट बघू नकोस, घरच्यांना घेऊन तडक सिव्हिलला जा. नुसतं कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर रात्रीपण चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. सासूबाईंनापण लावून दे एकदा, त्यांनाही विचारायचं असेल काही.